हातचा एक

डिजिटल लॅबमधली ट्रेनर किट्स ‘राइट-ऑफ’ होणार, ही बातमी नोटीस बोर्डवर लागायच्या आधी मेसच्या रांगेत कळली. पुढच्या वर्षापासून सेकंड इयरची डिजिटलची सगळी प्रॅक्टिकल्स सिम्युलेटरवर. ऐकून आमच्या विंगमध्ये अक्षरशः टाळ्या पडल्या. वायरी सोलायला नकोत, जळलेल्या आयसीची भरपाई नको, आणि "मॅडम, आमच्या किटचा तिसरा एलईडीच लागत नाही" ही दर आठवड्याची आरती नको!

मित्र-मैत्रिणींनो, मी टाळ्या वाजवल्या नाहीत. का, ते सांगायला हा लेख. आणि कॉन्व्हेंटवाल्या मुलीने मराठी विभागात घुसखोरी का करावी, असं विचारणाऱ्यांना उत्तर एवढंच, की मला जे सांगायचंय त्यातला मुख्य शब्दच मराठी आहे. तो शब्द म्हणजे ‘हातचा’.

शाळेत सिस्टरने मला ‘कॅरी’ शिकवला. शेजारच्या कॉलमच्या डोक्यावर एक बारीक आकडा लिहायचा, मिळवायचा, संपलं. हातचा मला सुट्टीत आटपाडीला आबांनी शिकवला. आबा विकास सोसायटीत गटसचिव होते. आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस येवो न येवो, कर्जावरचं व्याज मात्र वेळेवर येतं, त्यामुळे आबांना बेरजांची कमतरता कधी पडली नाही. रोजकीर्द, त्यावरून खतावणी, खतावणीवरून तेरीज. रुपये-पैशांची अख्ख्या पानाची उभी बेरीज ते खालून वर बोट फिरवत करायचे, आणि हातचा डाव्या हाताच्या बोटांवर धरायचे. हातचा म्हणजे खरोखर हातात धरलेला आकडा, हे मला तेव्हा दिसलं. तेरीज जुळली नाही की त्यांची पहिली सूचना ठरलेली असायची, "फरकाला नवानं भाग जातोय का बघ गं आधी." गेला, तर कुणीतरी ४५ च्या जागी ५४ लिहिलेत. फरक नेमका दहा किंवा शंभर असेल, तर हातचा विसरला. निदान असं पटकन की डॉक्टरने नाडी बघावी.

आता आपापल्या फाइली काढा. ‘बीसीडी ॲडर युजिंग आयसी ७४८३’ हे प्रॅक्टिकल सगळ्यांच्या फाइलमध्ये आहे, आणि बहुतेकांच्या फाइलमध्ये ते मागच्या बॅचच्या अक्षरवळणात आहे (रागावू नका, मी नावं घेत नाहीये). व्हायव्हात प्रश्नही एकच येतो, सहा का मिळवायचे? उत्तर पाठ असतं, "सर, इनव्हॅलिड स्टेट्स सहा आहेत म्हणून." सर पुढे सरकतात.

थोडं थांबून बघू या. चार बिटांत शून्य ते पंधरा असे सोळा आकडे मावतात. आपल्याला एका घरात हवे आहेत फक्त शून्य ते नऊ. सात नि पाच बारा. चार बिटांना बारा म्हणजे ११००, एकाच घरात आरामात बसलेले. त्यांना हातचा देण्याची गरजच वाटत नाही. त्यांच्या लेखी हातचा सोळाला. आपल्या लेखी दहाला. मधल्या सहांचं अंतर आपण जबरदस्तीने पार करून देतो. बारात सहा मिळवले की अठरा, म्हणजे सोळाचा हातचा बाहेर पडतो आणि घरात उरतात दोन. बाराचे दोन, हातचा एक! आणि नऊ नि आठ सतरा असेल तर पहिला ७४८३ स्वतःच हातचा बाहेर टाकतो, पण घरात उरतो एक, जो चूक आहे. तिथेही सहा मिळवले की सात. म्हणून त्या सर्किटमध्ये ‘नऊपेक्षा मोठा’ आणि ‘हातचा आधीच आला’ अशा दोन्ही अटी ओर करून घेतलेल्या असतात. दोन ७४८३, एक ७४०८, एक ७४३२. एवढंच.

एवढ्याशा गोष्टीवर एके काळी सगळ्या ऑफिसांचा हिशोब उभा होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही. फाइलमध्ये ‘ॲप्लिकेशन्स’ या मथळ्याखाली आपण लिहितो, ‘युज्ड इन कॅल्क्युलेटर्स’.

आयबीएमचं १४०१ हे मशीन १९५९ साली आलं. मिनी कॉम्प्युटर हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता आणि हे कपाटाएवढं धूड काही मिनी नव्हतं. पण धंद्याच्या कॉम्प्युटरांचं घराणं सांगायचं तर इथून सांगावं. या मशीनचा प्रोसेसर बायनरी बेरीज करतच नव्हता. तो दशमान आकडे एकेक करून मिळवायचा, एका वेळी एक घर. संख्येचा पत्ता म्हणजे तिच्या एकं स्थानाचा पत्ता. तिथून तो डावीकडे सरकत जायचा, हातचा बरोबर घेऊन, आणि ‘वर्ड मार्क’ नावाची एका बिटची खूण दिसली की थांबायचा. म्हणजे संख्या किती लांब हे मशीन ठरवणार नाही, हिशोब लिहिणारा ठरवणार. पाच घरांची रक्कम असेल तर पाच घरं, बारा असेल तर बारा. प्रत्येक अक्षराबरोबर एक पॅरिटी बिट असायचा. त्याला आबा ‘ताळा’ म्हणाले असते. मेमरीची एक सायकल साडेअकरा मायक्रोसेकंदांची. आज आपल्याला हे गोगलगायीसारखं वाटेल, पण अशी मशीन्स दहा हजारांहून जास्त बनली. साठच्या दशकात मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांतही ती आली.

बायनरी सोपी आणि स्वस्त असताना ही दशमानाची हौस कशाला? नेहमीचं उत्तर पैशांचं. दहा पैसे म्हणजे ०.१ रुपया बायनरीत लिहायला गेलं तर ते संपतच नाही, ३ चा भाग दहाला दिल्यासारखं चालूच राहतं. लॅपटॉपवर पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवून बघा, शेपटाला चार दिसेल. पण हे उत्तर अर्धंच आहे. एखादे सर लगेच म्हणतील, रुपये कशाला, सगळं पैशांतच पूर्णांकात ठेवा, भानगड मिटली. बरोबर आहे, मिटते. तरीही त्या काळी दशमानच परवडत होतं, कारण हिशोबाच्या कामात गणित कमी आणि वाचणं-छापणं जास्त. कार्डावरून रक्कम वाचा, एक बेरीज करा, कागदावर छापा. मधल्या एका बेरजेसाठी रक्कम आधी बायनरीत न्यायची आणि मग परत दशमानात आणायची, तर त्या ये-जा करण्यात बेरजेच्या कितीतरी पट वेळ जायचा, कारण गुणाकार-भागाकार तेव्हा महाग होते. काम कुणाचं आहे ते बघून प्रोसेसर काढला होता. मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

आपल्याकडेही प्रोसेसर बनत होते, बरं का. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ उभा राहिला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, आणि १२ म्हणजे बारा बिट. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने तो बनवून विकला. तो मुख्यतः शास्त्रज्ञांच्या कामाचा. हिशोबवाल्यांच्या खोलीत मात्र १९७८ पर्यंत आयबीएमच होती. त्या वर्षी फेरा कायद्याच्या अटींवरून ती भारतातून गेली आणि जागा रिकामी झाली.

त्याच १९७८ मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स सुरू झाली. तिचं एक मोठं काम म्हणजे अमेरिकेच्या डेटा जनरल कंपनीचे मिनी कॉम्प्युटर भारतात विकणं. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू करणारे सातही जण पटनीतून बाहेर पडलेले. ही गोष्ट ‘मोटिव्हेशनल’ भाषणात आपण शंभरदा ऐकलीय. त्या भाषणात एक गोष्ट कधी नसते, ती म्हणजे ज्या मशीनच्या जोरावर हे सगळं झालं, त्याचा प्रोसेसर कसा होता. मला उत्सुकता होती म्हणून शोधलं.

डेटा जनरलचं पहिलं मशीन नोव्हा, १९६९ चं, सोळा बिटचं, चार ॲक्युम्युलेटरचं. त्याच घराण्यात पुढे दोन भाऊ आले, नोव्हा १२०० आणि नोव्हा ८००. नावातले आकडे मेमरीच्या सायकलचे, नॅनोसेकंदांत. दोघांच्याही पोटात ७४१८१ नावाची एएलयू चिप. चोवीस पायांची, चार बिटची, सोळा तऱ्हेची लॉजिकची आणि सोळा तऱ्हेची गणिताची कामं करणारी. ८०० मध्ये अशा चार चिपा शेजारी शेजारी, म्हणजे सोळा बिट एका दमात. आणि १२०० मध्ये? एकच! सोळा बिटची संख्या चार तुकड्यांत त्या एकाच चिपमधून चार फेऱ्यांत जायची, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये हातचा एका फ्लिप-फ्लॉपमध्ये धरून ठेवलेला. आबांचा डावा हात. घाई नसलेल्या गिऱ्हाइकाला स्वस्त मशीन, घाई असलेल्याला महाग. दोघांचे प्रोग्रॅम मात्र तेच. हे वाचल्यावर ‘सिरियल व्हर्सेस पॅरलल ॲडर, एनी फोर पॉइंट्स’ हा आपला चार मार्कांचा प्रश्न मला एकदम जिवंत वाटला.

पुढे दशमानाची कामं मिनी कॉम्प्युटरांतही सूचना म्हणूनच आली. डेकच्या १९७७ च्या व्हॅक्स-११/७८० ला एकतीस आकडी दशमान संख्यांची बेरीज करण्याची सूचनाच होती. आणि आपल्या ८०८५ मध्ये? तिथेही आहे. ‘डीएए’ ही सूचना, जी आपण ‘इम्पॉर्टंट नाही’ म्हणून ऑप्शनला टाकतो, आणि ‘ऑक्झिलरी कॅरी’ नावाचा फ्लॅग, जो कशासाठी आहे हे कुणाला माहीत नसतं. तिसऱ्या बिटमधून चौथ्यात गेलेला हातचा लक्षात ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि तो लक्षात ठेवायचा तो सहा मिळवण्यासाठी. म्हणजे फाइलमधलंच प्रॅक्टिकल, चिपच्या आत. इंटेल-एएमडीच्या चौसष्ट बिटच्या मोडमध्ये ही सूचना काढून टाकलेली आहे. उलट आयबीएमने २००७ च्या पॉवर-६ मध्ये दशमान गणिताचं वेगळं हार्डवेअर घातलं, कारण त्यांचं गिऱ्हाईक बँका. चाळीस-पन्नास वर्षांनीसुद्धा प्रश्न तोच, काम कुणाचं आहे?

ती जुनी मशीन्स आज बघायला मिळतील का? अवघड आहे. आमच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करतात. माझे मामा त्यातलेच, तमिळनाडूत असतात. जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डांच्या कडेला सोन्याचा मुलामा असतो, ही ‘जनरल नॉलेज’ची गोष्ट मी त्यांना मोठ्या थाटात सांगायला गेले, तर म्हणाले, "तुझ्या जल्माच्या आधीपास्नं ठावं हाय आमाला." तेव्हा जुने प्रोसेसर आता कुणाच्या तरी बोटात अंगठी होऊन फिरत असतील असं धरून चालू.

म्हणूनच आपली ट्रेनर किट्स महत्त्वाची. सगळा प्रोसेसर उघडा दिसणारी तेवढीच एक जागा आपल्याकडे उरलीय. अर्डुइनोत, फोनमध्ये, अगदी ८०८५ च्या किटमध्येही बेरीज एका काळ्या चौकोनाच्या आत होते. ब्रेडबोर्डवर हातचा एका वायरमधून जातो. लाल, पिवळी, जी हाताला लागेल ती. बोट ठेवून दाखवता येतो.

डिपार्टमेंटची बाजू मला कळते, ती खोटी नाही. वीसच्या बॅचला सहा किट्स, त्यातली तीन धड. सॉकेट सैल झालेली. सिम्युलेटर फुकट, जळत नाही, हॉस्टेलवर रात्री दोन वाजताही चालतो. शिवाय इंडस्ट्रीत आज कुणी ७४८३ लावत बसत नाही, तिथे व्हेरिलॉग लागतं. सगळं मान्य. व्हेरिलॉग शिकायलाच हवं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केल्यापासून तर आपल्या कॉरिडॉरमध्ये व्हीएलएसआयशिवाय दुसरा विषय नाही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’, या प्रोसेसरांची नावं आपल्या प्रोजेक्टच्या पीपीटीत पहिल्याच स्लाइडवर असतात.

पण सैल सॉकेटचीच गोष्ट घ्या. आमच्या बॅचच्या किटवर सात नि पाच तेरा येत होते. आठ नि सहा पंधरा. प्रत्येक उत्तर बरोब्बर एकाने जास्त. ट्रुथ टेबल बरोबर, कनेक्शन बरोबर, आयसी बदलून झाला, तरी तेरा. शेवटी लॅब असिस्टंट काकांनी नुसतं बघून सांगितलं, ‘कॅरी इन’चं सॉकेट सैल आहे, वायर आत टेकतच नाहीये. टीटीएलचा लोंबकळता इनपुट स्वतःला ‘एक’ समजतो. म्हणजे कुणीही न दिलेला हातचा मशीन आपण होऊन धरून बसलं होतं! हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, ‘फ्लोटिंग इनपुट ॲक्ट्स ॲज लॉजिक हाय’. ती ओळ मी त्याआधी तीनदा वाचली होती. आबांना फोनवर सांगितलं तर त्यांना टीटीएल काय कळणार, पण ते म्हणाले, "दर टायमाला एकच फरक ना? मग बेरीज बरोबर हाय, सुरुवात चुकलीया." काकांचं आणि आबांचं निदान एकच निघालं, एक सॉकेट बघून आणि दुसरं सत्तर मैलांवरून, काहीच न बघता. सिम्युलेटर अशी वायर लाल रंगात दाखवून मोकळा होतो. शोधायची वेळच येत नाही.

आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टचं काय? सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. शहरात प्रोजेक्ट विकत मिळतात, रिपोर्टसकट, बाइंडिंगसकट, व्हायव्हाच्या प्रश्नांसकट. ‘आयओटी बेस्ड स्मार्ट’ पुढे काहीही लावा. पंधरा हजार मोजणाऱ्याच्या आईवडिलांनी ते पंधरा हजार कसे जमवले, हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या वडिलांचं डाळिंब आटपाडीच्या बाजार समितीत जातं. हमाली-तोलाई वजा जाऊन हातात येणारी पट्टी मी पाहिली आहे. ती पट्टी प्रोजेक्ट विकणाऱ्याच्या गल्ल्यात टाकायची माझी तयारी नाही.

म्हणून एक सरळ प्रस्ताव. तीन चांगली किट्स राइट-ऑफच्या यादीतून काढा. त्यांवर आम्ही आठ आकडी रोजकीर्द-मशीन बांधतो, नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये नव्व्याण्णव पैशांपर्यंत. १४०१ च्या पद्धतीने, एका वेळी एक घर. हिशोब मी मांडून बघितलाय. दशमान आकड्याला चार बिट, म्हणून एका संख्येसाठी चार ७४१६४, दोन संख्यांसाठी आठ. बेरजेला आणि सहा मिळवायला दोन ७४८३. अटींसाठी एक ७४०८, एक ७४३२. हातचा धरायला एक ७४७४, त्याचाही अर्धाच भाग. एकूण तेरा आयसी. घड्याळाचे आठ ठोके पडले की बेरीज पुरी. आकडे आत भरायला आणि एलईडीवर दाखवायला आणखी काही लागतील, ते वेगळे. तेरा आयसींचा खर्च आमच्या विंगच्या एका रात्रीच्या वडापावपेक्षा फार जास्त नाही, फक्त तो आम्ही भरू.

सरांनी विचारलं तर सांगेन, याचा इंडस्ट्रीत थेट उपयोग शून्य. मात्र त्यानंतर व्हेरिलॉगमध्ये हेच लिहायला मला कुणाच्या फाइलमध्ये डोकवावं लागणार नाही, आणि ‘कॅरी लुक-अहेड’ म्हणजे मागच्या घराची वाट न बघता हातचा आधीच ओळखणं, हे व्हायव्हात मला मराठीतसुद्धा सांगता येईल.

केंद्राने २०२२ मध्ये ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तेव्हापासून आबांना त्यांच्या जुन्या सोसायटीतले लोक अधूनमधून फोन करतात. सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या सुरुवातीच्या शिलका जुन्या वह्यांशी जुळत नाहीत म्हणून. ते जाऊन बसतात, नवाने भाग देऊन बघतात. त्यांच्याकडे एका जुन्या रोजकीर्दीची झेरॉक्स आहे, पन्नास ओळींची. मशीन झालं की ती चाचणीसाठी द्यायची त्यांनी कबूल केलंय. बेरीज सांगायला मात्र नकार दिलाय.

आमच्या बॅचमधून आत्तापर्यंत चार नावं आली आहेत, त्यात मेकॅनिकलचा एक आहे. सोल्डरिंग येणारं कुणी असेल तर हवंय. संध्याकाळी पाच ते सात लॅब उघडी ठेवायला असिस्टंट काका तयार आहेत, डिपार्टमेंटची सही तेवढी बाकी आहे.